डावीकडचा माझा, उजवीकडचा त्याचा

काल दुपारी आमच्या घरी एक घोटाळा झाला. केला मीच आणि शोधायलाही मलाच अख्खी दुपार लागली... सापडल्यावर हसावं की रडावं ते कळेना.

समोरच्या दारातल्या झुबेदाआपांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. गुडघा रोज थोडा जास्त वाकला पाहिजे, असं फिजिओथेरपीवाली मुलगी सांगून जाते. आपांचं उत्तर ठरलेलं, "वाकतंय की गं, अजून किती वाकवू?" मी म्हटलं, थांबा आपा, तुमचा गुडघा किती वाकतो ते कॉम्प्युटरवरच दाखवते.

बोलून बसले खरी. हालचाल मोजणारे छोटे बोर्ड आम्ही दोघं घरीच बनवायचो, मी आणि सुधीर, माझा नवरा. डिझाइन इंटरनेटवर सगळ्यांना खुलं आहे, कुणीही घ्यावं आणि बनवावं. सुधीरला जाऊन वर्ष उलटलं, आणि तेव्हापासून मी सोल्डरिंगला हात लावला नव्हता.

दिराला सांगूनही ठेवलं होतं, रविवारी ये आणि कामाचं टेबल घेऊन जा, तुझ्या लेकीला कॉलेजात उपयोगी पडेल. म्हटलं, आपांचं एवढं शेवटचं करते. नाहीच जमलं तर टेबल जाताना वाईट तरी वाटणार नाही.

सकाळी नवी पेठेत गेले. दुकानदाराने आवाजावरूनच ओळखलं आणि वर न बघताच विचारलं, "सर नेहमी नेतात तेच रेझिस्टर देऊ?" हो म्हटलं. काय सांगणार... मागे गिऱ्हाइकं उभी होती. दहा के-चे, तिळाएवढे, पाठीवर १०३ (म्हणजे दहापुढे तीन शून्यं) लिहिलेले. घरी येऊन भिंगाखाली एकेक बघून त्यातले दोन निवडले.

आता या रेझिस्टरचं काम काय ते सांगते. गुडघा मोजायला दोन बोर्ड लागतात, एक मांडीवर, एक नडगीवर, आणि दोन्ही एकाच वायरीवर. कोण बोलतंय ते कळायला हवं ना, म्हणून प्रत्येकाला वेगळा पत्ता द्यावा लागतो. बोर्डावर या रेझिस्टरसाठी दोन जागा असतात. डावीकडे लावला तर एक पत्ता, उजवीकडे लावला तर दुसरा.

बोर्ड तयार झाले. पहिला एकटा जोडला, झकास. दुसरा एकटा जोडला, तोही झकास. दोन्ही मिळून जोडले की कॉम्प्युटरला एकच दिसायचा, आणि आकडे असे की खरे मानले तर आपांचा पाय छताच्या पंख्यात गेला असता.

वायर बदलली, केबल बदलली, कनेक्टर घासून पुसून लावले. लाइटलासुद्धा शिव्या घालून झाल्या. शेवटी वैतागून दोन्ही बोर्ड शेजारी ठेवले आणि भिंग धरलं.

दोन्ही रेझिस्टर डावीकडे.

आमच्या टेबलाला दोन खुर्च्या. मी डावीकडे बसायचे, सुधीर उजवीकडे. बोर्ड कायम जोडीनेच बनवायचो, एक मी, एक त्याने... डावीकडचा रेझिस्टर माझा, उजवीकडचा त्याचा. हे असं कधी बसून ठरवलं नव्हतं, आपसूक होत गेलं. इतक्या वर्षांत मी एकदाही उजवीकडे रेझिस्टर लावला नव्हता. काल दोन बोर्ड बनवले आणि दोन्हीवर माझाच लावून मोकळी झाले.

उजवीकडचा लावणारा आता नाही, हे मला माहीत होतं. हातांना माहीत नव्हतं.

मग मात्र रडले. वर्षभर जो तो म्हणतोय, होईल हळूहळू एकटीची सवय. होत नाही हो. टीव्ही मोठ्याने लावून ठेवायचा, एका माणसाचा कुकर लावायचा, आणि तरी भात उरतोच.

तेवढ्यात आपा वॉकर टेकत आल्याच. माझा चेहरा बघितला. सोफा त्यांना खोल पडतो, म्हणून दारापासची खुर्ची धरली आणि हुश्श करून बसल्या. ती माझी खुर्ची.

"लई दमले गं," म्हणाल्या. "तू बस तिकडं. तुझं चालू दे की."

तिकडं म्हणजे सुधीरच्या खुर्चीत. वर्षभर तिच्यावर मी इस्त्रीचे कपडे टाकत होते. आपा वाट बघत होत्या... कपडे उचलून पलंगावर ठेवले आणि बसले.

खरं सांगते, त्या बाजूने उजवीकडची जागा अगदी स्पष्ट दिसते. दिव्याचा उजेडही तिथेच जास्त पडतो. इतकी वर्षं चांगला उजेड स्वतःकडे ठेवला होता पठ्ठ्याने, आणि मी आपली डोळे बारीक करत बसायचे.

एका बोर्डवरचा रेझिस्टर गरम करून उचलला. उजवीकडे ठेवला, सोल्डर दिलं. नीट बसला. वायर जोडली आणि स्क्रीनवर दोन पत्ते आले... वेगवेगळे.

आपांच्या मांडीला आणि नडगीला पट्ट्यांनी बोर्ड बांधले. स्क्रीनवर आपलाच गुडघा वाकताना दिसल्यावर त्या इरेलाच पेटल्या, मलाच थांबा म्हणावं लागलं. जाताना दारात वळून म्हणाल्या, "उद्या पण हितंच येते गं. घरात एकटीला वाकवावंसं वाटत न्हाय."

या म्हटलं, मी चहा टाकून ठेवते. आपा, तुम्ही हे वाचणार नाही, पण तुम्ही नेमक्या त्याच खुर्चीत बसलात त्याबद्दल थँक्यू.

संध्याकाळी दिराला फोन केला. टेबल राहू दे म्हटलं, दोन्ही खुर्च्यांसकट. त्याने विचारलं, का गं वहिनी, काय झालं?

म्हटलं, काही नाही रे... उजवीकडचेही आता मलाच लावायचेत.