टॅबिथा मावशीची अर्धी पाई

टॅबिथा मावशीबद्दल कुणी काही लिहीतच नाही! १९०७ साली आमच्या कॉलेजची फुटबॉल टीम एकही मॅच हरली नाही, तर सगळे कोच पेल्टन सरांचं नाव घेतात, आमच्या हुकमी खेळाडूचं, गसचं घेतात. आणि तीन महिने आम्हा राक्षसांना जिने जेवू घातलं तिचं? मी पण त्या टीममध्ये होतो. सगळा सीझन बाकावर, पण जेवायला पहिला. म्हणून मीच सांगतो.

मावशी म्हणजे काडी. पन्नाशीची, विधवा, जीभ एकदम तिखट. आख्ख्या आयोवात तिच्यासारखी सफरचंदाची पाई कुणाला जमत नाही. पण सीझन संपेपर्यंत पाई बंद, हा सरांचा नियम! अर्धकच्चं बीफ, शिळा पाव, बस्स. पाई खाल्ली की टीममधून बाहेर. मावशीने सरांना शब्दच दिला होता, "माझ्या स्वयंपाकघरातून तुकडासुद्धा जाणार नाही."

सात मॅच जिंकलो. आठवी, शेवटची, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला. मॅचनंतरसाठी मावशीने आदल्या दिवशीच बारा पाई करून खिडकीत गार करत ठेवल्या. दुपारी ती किंचाळली. मी धावत गेलो तर एक पाई अर्धी गायब, आणि दाराआड गस! चार-चार माणसं अंगावर घेऊन बॉल काखेत धरून पुढे नेणारा आमचा गस, मिशीत चुरा लागलेला.

"मेल्या, एक दिवस! एक दिवस दम निघेना?"

"वास आला गं मावशी. पुढचं मला आठवतच नाही."

तेवढ्यात बाहेर सरांचे बूट वाजले. मावशीने गसला पिठाच्या कोठीत ढकललं.

सरांनी अर्धी पाई बघितली. "कुणी खाल्ली?"

गसचं नाव घेतलं तर उद्या गस नाही, म्हणजे मॅचही नाही. आणि मावशी तर हात न धुता 'धुतले' म्हटलं तरी पळीने मारायची, ती खोटं बोलणार?

"मी," मावशी म्हणाली.

"तुम्ही? तुम्ही तर गोडाला शिवत नाही."

"आजपासून शिवते."

सरांनी खुर्ची पुढे ओढली. "मग उरलेली पण संपवा."

तिने संपवली! प्रत्येक घासाला पाणी, डोळ्यांतून धारा, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. वर म्हणते कशी, "छान झालीय."

दुसऱ्या दिवशी नुसता चिखल. शेवटपर्यंत शून्य-शून्य, आणि मग गस तीन जणांना फरपटत रेषेपार गेला! बॉल रेषेपार नेला की तेव्हा पाच गुण, म्हणजे पाच-शून्य! मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

जेवणाच्या टेबलावर गसने पाईला हातच लावला नाही. उभा राहिला, लालबुंद. "सर, कालची पाई मी खाल्ली होती."

"माहितीय," सर म्हणाले. "काल प्रॅक्टिसला डोक्यापासून पायापर्यंत पीठ फासून आला होतास."

मावशीने पळी आपटली. "माहीत होतं? मग मला का खायला लावली?"

"वाटलं, दुसऱ्या घासाला कबूल कराल. तुम्ही तर ताटली चाटूनपुसून साफ केलीत! मग मी कुठल्या तोंडाने त्याला काढू?"

सगळे फुटलो हसून. मावशी सोडून. तिने सुरी घेतली आणि गससाठी इतका पातळ तुकडा कापला, की त्यातून पेपर वाचता आला असता.

"एवढीच," ती म्हणाली. "तुझ्या वाटची कालच खाऊन झालीय."