घोटशेठचा पहिला पेला

सरबताच्या दुकानाच्या मालकाला आळीत कोणी खऱ्या नावानं हाक मारत नसे. सगळे घोटशेठ म्हणत. त्याचं असं झालं, एका उन्हाळ्यात निम्मी आळी जुलाबानं आडवी झाली आणि बोट वळलं ते याच्या दुकानाकडे. दुसरा असता तर कुलूप घालून घरी बसला असता. यानं पिंप उचलून रस्त्यावर आणलं, तोटी सोडली, पेला काठोकाठ भरला आणि जमलेल्यांसमोर उभ्या उभ्या रिकामा केला. वर म्हणाला, "संध्याकाळपर्यंत इथंच बसतो. मेलो तर उचला."

मेला नाही. तोंडं बंद झाली.

तेव्हापासून दुकानाचा कायदाच झाला. नवं पिंप उघडलं की पहिला पेला मालकाचा. तो त्याच्या गळ्याखाली उतरेपर्यंत गिऱ्हाईक आपल्या पेल्याला हात लावत नसे. शेजारी एकानं रंगीत दिवे लावून दुकान थाटलं, त्याचं गिऱ्हाईकही याच कायद्यानं खाल्लं. तिथला मालक दिवसभर चहा प्यायचा. लोक म्हणाले, स्वतःचं सोडून चहा पितो, तेव्हा पाणी कुठंतरी मुरतंय.

घोटशेठचं सरबत लाल, दाट, वर आइस्क्रीमचा गोळा. पाक तो स्वतः करी, मापानं नाही, जिभेनं. कोणी म्हणालं, "शेठ, आज जरा पांचट लागतंय," की दुसऱ्या दिवशी एक ओंजळ साखर जादा. जादा झालेली ओंजळ परत कधी कमी होत नसे. गिऱ्हाइकांच्या जिभा तिला सरावत आणि पुन्हा पांचट म्हणत. मालकाची जीभही त्याच पाकात मुरलेली, ती कुठली साक्ष देणार.

बायको एकदा म्हणाली, "अहो, पेल्यात चमचा उभा राहतोय."

"मग बसायला सांगू का त्याला?"

आधी पोट सुटलं. लोक म्हणाले, धंदा अंगी लागला. मग विजारीची नाडी आवळून आवळून पुरेना, तेव्हा लोक म्हणाले, शेठ आता बरे दिसतात. माणसाला चांगलंच म्हणायचं ठरवलं की कशालाही म्हणता येतं. तहान अशी लागायची की घशात वाळू भरल्यासारखी, आणि तहान भागवायला हाताशी काय, तर पिंप.

सकाळी मोरीत मुंग्यांची रांग दिसू लागली. बायकोनं फिनेल ओतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग, पुन्हा त्याच कोपऱ्यात, जिथं हा रात्री चारदा उठून जाई. तिच्या लक्षात आलं, पण तिनं तोंडाला कुलूप घातलं. बोललं की आजार घरात राहायलाच येतो, असं तिला वाटे.

आजार तर आधीच आला होता. समोरच्या चपला शिवणाऱ्यानं तो पहिल्यांदा हातात धरला. तळ सुटला म्हणून घोटशेठनं चप्पल नेऊन दिली होती. त्यानं तळावरून हात फिरवला आणि झटकन मागे घेतला. आत खिळा उभा होता. भोवती काहीतरी काळं वाळलेलं.

"पाय दाखव."

"पायाला काय झालंय?"

"मला चावली तुझी चप्पल. तुला कशी चावली नाही?"

तळव्याला भोक होतं, कडेनं हिरवट. चपला शिवणाऱ्यानं त्यावर आपला अंगठा टेकवला, मग जोर दिला. घोटशेठ रस्त्यानं जाणाऱ्या हातगाडीकडे बघत होता. जरा वेळानं म्हणाला, "बघतोस ना? दाब की."

दवाखान्यात पायाची दोन बोटं गेली. डॉक्टरीणबाई बायकोला बाजूला घेऊन म्हणाल्या, "यापुढे गोडाचा थेंब नको. पुढच्या खेपेला बोटांवर भागणार नाही. पाय काढावा लागेल."

तेवढ्या दिवसांत सुनेनं दुकान सांभाळलं. पहिला पेला ती पीत होती, पण लोकांना ते पटेना. "पिते खरी," लोक म्हणायचे, "पण तोंड बघा कसं करते." तिला तो गोडवा सोसत नव्हता, एवढीच गोष्ट. गिऱ्हाईक पातळ झालं. शेवटी घोटशेठ कुबडी घेऊन दुकानात बसला, आणि सासू-सुनांनी त्याच्या पहिल्या पेल्यासाठी फळीखाली एक वेगळं भांडं ठेवलं. त्यात तोच लाल रंग, तेच बर्फाचं पाणी, साखर नाही. त्याला हे रुचत नव्हतं. बायको म्हणाली, "बोटं दुकानाला दिलीत. पाय तरी घराला ठेवा."

त्यानं ऐकलं. महिनाभर निभावलं.

मग एका दुपारी शिंप्यानं सुनेचा हात फळीखाली जाताना पाहिला. शिंपी जुनं गिऱ्हाईक, रोज तीन पेले पिणारा, मशिनीवर बसून बसून पिंपासारखाच झालेला.

"सूनबाई, मला शेठच्या भांड्यातलं दे."

ती जागची हलली नाही. त्यानंच वाकून भांडं काढलं, घोट घेतला आणि पायरीवर थुंकला. "हे तर नुसतं पाणी."

"म्हणजे आपल्याला देतो ते स्वतः पीत नाही," बाकावरचं कोणीतरी म्हणालं.

"शेठ, खरं सांगा. आमच्या पेल्यात काय आहे?"

"साखर," घोटशेठ म्हणाला.

"साखर आमच्या घरीही आहे. ते सांगा ना, काय आहे."

विष म्हणाला असता तर विश्वास बसला असता. सून म्हणाली, "मामंजी आजारी आहेत. पाय बघा त्यांचा."

"बोटं खिळ्यानं गेली. आळीला माहीत आहे."

एकानं पेला फळीवर ठेवला. मग दुसऱ्यानं. दोघं उठून रंगीत दिव्यांच्या दुकानाकडे चालू लागले. घोटशेठ त्यांच्या पाठीकडे बघत राहिला, मग कुबडीवर भार देऊन उठला. आतल्या दारातून बायको नुसतं "अहो" म्हणाली.

त्यानं पिंपाची तोटी सोडली, पेला भरला आणि सगळ्यांच्या देखत तोंडाला लावला. महिनाभर उपाशी असलेल्या जिभेवर तो पाक उतरला आणि त्याचे डोळे मिटले. लोकांना वाटलं, दुखतंय बिचाऱ्याला. बायकोनं मात्र ते डोळे ओळखले. लग्नाच्या नव्या नवलाईतसुद्धा ते तिच्यासाठी असे मिटले नव्हते. तिनं दाराची चौकट धरली.

"झालं की मग," शिंपी म्हणाला. "उगाच जिवाला घोर लावता." त्यानं आपला पेला संपवला, तोंड पुसलं आणि निघाला. गेलेले दोघं परत आले. बाक भरला.

घोटशेठनं रिकामा पेला सुनेपुढे धरला. "अजून एक."

"मामंजी, एकच लागतो."

"भर म्हणतो ना."

बायको त्याला आडवी जायला निघाली, पण तिची नजर रस्त्यावर गेली. शिंप्याची एक चप्पल पायरीशीच पडली होती. तो तापलेल्या डांबरावरून अनवाणी पायानं सावकाश चालला होता, वाटेत भेटलेल्याशी हसत.

"भाऊ," तिनं हाक मारली, "चप्पल राहिली तुमची."

शिंप्यानं थांबून आधी तिच्याकडे आणि मग खाली पाहिलं.

"अरे," तो म्हणाला, "कधी निसटली, कळलंच नाही."

तिच्या पाठीमागे पेला भरत होता.