पत्रकाची मागची बाजू

ग्लेन हार्डकॅसल सव्वीस नंबरची बस चालवायचा, तेव्हा टेकडीवरच्या म्हाताऱ्या मुद्दाम त्याच्याच बसची वाट बघत थांबायच्या. म्हातारी सीटवर नीट टेकून पिशवी मांडीवर घेईपर्यंत तो गाडी हलवत नसे, मागून कोणी कितीही हॉर्न मारो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या गोष्टीत माझी शोभा आहे. आपली शोभा सांगायला बसलं की माणूस दुसऱ्याचा चांगुलपणा विसरतो.

मी बेव्ह. यॉर्कशरमधल्या आमच्या या गावात चर्चच्या मागच्या हॉलमध्ये बालवाडी भरते, तिच्या दाराशी टेबल टाकून बसणारी बाई. एकवीस वर्षं बसलेय. मुलांना इतर जणी सांभाळतात, मी आईबापांना सांभाळते. कोणाला सरकारी खर्चाने किती तास मिळतात ते मी सांगते. मूल तीन वर्षांचं झालं की पुढच्या टर्मपासून आठवड्याला पंधरा तास, कोणालाही. आईबाप दोघंही कामाला असतील तर तीस. दोघांपैकी प्रत्येकाने निदान आठवड्याच्या सोळा तासांच्या किमान मजुरीइतकं तरी कमवायला हवं. टर्म सुरू व्हायच्या आत सरकारकडून अकरा आकडी नंबर आणायचा आणि दर तीन महिन्यांनी तो पुन्हा पक्का करायचा. एकतीस डिसेंबरच्या आत नंबर काढला तर ठीक, जानेवारीत काढला तर ईस्टरपर्यंत बसा बोंबलत. हे सगळं मला पाठ होतं. आईबाप मला वचकून असत, आणि खोटं कशाला बोलू, ते मला आवडायचं.

नेलीला तीन वर्षं झाली त्या डिसेंबरात ग्लेन तिला घेऊन आला. पोरीच्या पायात लाल गमबूट होते, तेही उलटसुलट घातलेले. मी चष्म्यावरून बघत विचारलं, दोघं कामाला का.

"मी आहे," तो म्हणाला. "जोडी सध्या घरीच असते."

जोडी म्हणजे त्याची बायको. अर्ध्या गावाचे केस तिने कापलेत, माझेसुद्धा. वर्षभरापूर्वी तिने सलून सोडलं. जरा विश्रांती घेतेय, एवढंच तिने सगळ्यांना सांगितलं होतं. चौतिशीतली धडधाकट बाई, कसली एवढी विश्रांती, असं मी आणि आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या बायका मनात म्हणत होतो. मनात म्हणत होतो, विचारत नव्हतो. आमच्याकडे पावसाच्या भुरभुरीवर तासभर बोलतील, पण शेजारच्या पडद्यामागे काय चाललंय ते तोंडावर विचारणार नाहीत. याला आम्ही सभ्यपणा म्हणतो. त्या दिवशी माझा सभ्यपणा वगैरे काही नव्हता. उत्तर मी आधीच ठरवून टाकलं होतं, मग विचारायचं कशाला?

"मग पंधरा, लव्ह," इथे सगळ्यांनाच म्हणतात तसं मी म्हटलं. "दोघं कमावती असतील तरच तीस. आयांनी निवांत टीव्ही बघावा म्हणून सरकार पोरं सांभाळत नाही."

उचलली जीभ लावली टाळ्याला. रांगेत मागे उभ्या असलेल्या दोघी हसल्या. ग्लेनचे कान लाल झाले. मी त्याला नियमांचं पत्रक दिलं. त्याने चार घड्या करून ते कोटाच्या खिशात टाकलं आणि मला चक्क धन्यवाद म्हणाला.

जानेवारीपासून नेली रोज नऊ ते बारा येऊ लागली. ग्लेनने बस सोडली आणि डेपोत रात्रपाळीला बसगाड्या धुवायचं काम घेतलं, हे माझ्या कानावर आलं. मला ते विचित्र वाटलं, पण तेही मी विचारलं नाही. सकाळी तो डेपोतून घरी जाऊन नेलीला घेऊन यायचा, तेव्हा अंगाला फिनेलचा वास असायचा. बाराला न्यायला यायचा तेव्हा गालावर उशीची घडी उमटलेली असायची. दिवसातली त्याची धड झोप तेवढीच, तीन तास. दुपारी म्हणे तो बैठकीच्या दारात आडवा व्हायचा, म्हणजे नेलीला बाहेर पडायचं तर बापावरून चढून जावं लागेल आणि त्याला जाग येईल. हे तिनेच मला एकदा अभिमानाने सांगितलं. "मी डॅडीच्या पोटावर उभी राहते," म्हणाली. मी हसले. घरात आई असताना बाप दारात का झोपतो, असा प्रश्न एखाद्या दगडालाही पडला असता. मला पडला नाही.

माझ्या दाराशी एक पाटी आहे, होती. उशिरा न्यायला येणाऱ्याने तिच्यावर स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव लिहायचं आणि टर्म संपेपर्यंत ते तिथेच राहायचं, सगळ्यांना दिसेल असं. डोकं माझंच. ग्लेन झोपून राहायचा, पाच-दहा मिनिटं उशीर व्हायचा. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात तो मुंगीएवढ्या अक्षरात नावाची आद्याक्षरं लिहायचा. "पूर्ण नाव, ग्लेन," मी म्हणायचे. "बस बरी वेळेवर नेत होतास." तो पूर्ण नाव लिहायचा. उन्हाळ्याच्या टर्ममध्ये त्याचं नाव त्या पाटीवर एकोणीस वेळा होतं. मोजलेत मी.

नोव्हेंबरात माझ्या हाताखाली सुमय्या आली, तेवीस वर्षांची, ब्रॅडफर्डची. तिला कोणी आमचा सभ्यपणा शिकवला नव्हता. तिसऱ्याच दिवशी तिने ग्लेनला थेट विचारलं, नेलीची आई कधी दिसत नाही ती. मी कागद चाळायचं नाटक करत कान टवकारले. ग्लेन हळूच म्हणाला, की तिला नसांचा आजार आहे, हातातून वस्तू पडतात, पाय धरत नाहीत, कामाला जाता येत नाही म्हणून सरकारी भत्ता मिळतो. कोणाला सांगू नका, तिला आवडत नाही. असं म्हणून तो गेला.

सुमय्या माझ्याकडे वळली. "बेव्ह आंटी, मग यांना तीस तास का नाहीत?"

"ती कामाला नाही."

"पण भत्ता आहे ना. एक कामाला आणि दुसऱ्याला आजारपणाचा असा भत्ता असला तरी चालतं. मागच्या बाजूला दिलंय की."

कसली मागची बाजू, मी म्हटलं. पत्रक माझ्या कपाटाच्या दाराला चिकटवलेलं होतं, कधीपासून, चारही बाजूंनी डिंक लावून. रोज त्याच्यावर बोट ठेवून मी आईबापांना ज्ञान द्यायचे. सुमय्याने नखाने एक कोपरा उचकटला आणि तो टरकन फाटत आला. मागे बारीक अक्षरात सगळं होतं. एकजण आजारी असेल तर. एकजण कोणाची शुश्रूषा करत असेल तर. जे मला पाठ होतं ते अर्धंच होतं, आणि उरलेल्या अर्ध्यावर मी स्वतः डिंक लावला होता.

त्या दिवशी मी संडासात जाऊन दार लावून बसले. तोंडावर पाणी मारलं, बाहेर आले, पुन्हा आत गेले. अकरा महिने. माझ्या एका वाक्यामुळे तो माणूस अकरा महिने दारात आडवा पडत होता. वर मी त्याच्याकडून पाटीवर नावं लिहून घेत होते.

सांगून टाकायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला बाजूला घेतलं तेव्हा सांगायचंच ठरवलं होतं. त्याने थकलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडातून निघालं, "ग्लेन, नियम बदललाय. तुम्हाला आता तीस मिळतील."

सुमय्या टेबलाशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा टोप्यांवर नावाच्या चिठ्ठ्या शिवू लागली. बोलली असती तर बरं झालं असतं.

नंबर एकतीस डिसेंबरच्या खूप आधी आला. तो काढून देताना मी त्याच्याशेजारी बसून एकेक रकाना भरला, जन्मात कोणासाठी बसले नव्हते तशी. जानेवारीत ग्लेन पुन्हा सव्वीस नंबरवर दिवसपाळीला गेला. फेब्रुवारीपर्यंत त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं ओसरली. तो शीळ घालत यायचा. मी पाटी काढून कपाटामागे टाकली. का काढली ते कोणी विचारलं नाही, अर्थातच.

ईस्टरच्या आधी मुलांच्या टोप्यांची मिरवणूक असते. कागदाची फुलं, कापसाची पिल्लं लावलेल्या टोप्या घालून पोरं हॉलभर फिरतात आणि आईबाप चहाचे कप धरून टाळ्या वाजवतात. सगळं आटोपल्यावर ग्लेनने चमच्याने कप वाजवला. न बोलणारा माणूस, त्यामुळे हॉल चटकन शांत झाला. घरी काही अडचण होती, वर्ष वाईट गेलं, एवढं तो म्हणाला. मग म्हणाला, "नियम बदलला तो आम्हाला कळलाही नसता. बेव्हने लक्षात ठेवून बोलावलं. गावात असं कोणी आपल्यासाठी डोळे उघडे ठेवून आहे, हे माहीत नव्हतं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या रांगेत हसलेल्या दोघींनीसुद्धा. त्याने मला बिस्किटांचा डबा दिला, वर चौकड्यांच्या टार्टन कापडाचं चित्र असलेला. मी तो छातीशी धरून उभी राहिले आणि चोराच्या मनात चांदणं, मला वाटत होतं की हॉलमधल्या प्रत्येकाला दिसतंय. सुमय्या मात्र टाळ्या वाजवत नव्हती. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात, ते त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ग्लेन बसवर असताना, मी त्यांच्या घरी गेले. त्याच्यासमोर जीभ उचलत नव्हती, म्हटलं आधी तिला सांगावं. जोडीने वॉकर धरून दार उघडलं. केस तिने स्वतःच कापले असावेत, एका बाजूला वाकडे झाले होते. पलंग खाली बैठकीतच आणलेला. ती म्हणाली, चहा ठेवते. मी बसून राहिले. मदत करायला उठले असते तर तिचा अपमान झाला असता. किटली उकळून बंद झाली, कपाटाचं दार वाजलं, काहीतरी खाली पडलं. खूप वेळाने अर्धा कप चहा आला. उरलेला अर्धा बशीत होता.

मी एका दमात सगळं सांगितलं. नियम बदललेला नाही. पहिल्यापासून तोच होता. मला अर्धाच माहीत होता, आणि मी न विचारता रांगेत तुझ्याबद्दल वाटेल ते बोलले. ग्लेनला आज सांगणार आहे.

जोडी खिडकीकडे बघत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही.

"त्याने पत्रक आणून दिलं ना, त्याच दिवशी वाचलं मी. दोन्ही बाजू." तिने हात मांडीवर एकमेकांत गुंतवले, थरथर दिसू नये म्हणून. "तुझ्याकडे कागद गेला असता, मला काम जमत नाही असा. म्हटलं, अख्ख्या गावाचे केस या हातांनी कापलेत मी, त्या गावाला हे कसं कळू देऊ. वसंतापर्यंत बरी होईन, पुन्हा सलूनला जाईन, मग आपोआप तीस मिळतील. मग वसंत गेला. तोपर्यंत तो दारात झोपायला लागला होता. मग कुठल्या तोंडाने सांगू?"

मी बशीतला चहा पुन्हा कपात ओतला.

"ते पत्रक माझ्या गादीखाली आहे," ती म्हणाली. "तू सांगितलंस तर तो विचारणार, पत्रकात काय होतं. तुला तो माफ करील, बेव्ह. एका दिवसात करील. मलाही करील गं. तेच नकोय मला. सांगू नकोस."

मी तिला शब्द दिला. चहा प्यायले, कप ठेवला, बाहेर पडले. आणि टेकडी उतरताना माझ्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. एका आजारी बाईने आपली लाज माझ्यासमोर उघडी केली होती, आणि मला काय वाटलं, तर हायसं वाटलं. आता सांगावं लागणार नाही. त्या सबंध वर्षात मी जे काही केलं, त्यात मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या उतारावरच्या माझ्या हलक्या पावलांची.

खाली बसथांब्यावर सव्वीस नंबर उभी होती. ग्लेनने मला पाहून दार उघडलं, भिजू नकोस म्हणाला. मी पुढच्याच सीटवर बसले, पिशवी मांडीवर घेतली. मागून कोणीतरी हॉर्न मारला. मी नीट टेकेपर्यंत त्याने गाडी हलवली नाही.