आजोबांचं मॅग्नम आणि चिंचेचं पाणी

मी आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही. तरीही शिकारीसाठी थ्री सेव्हन्टी फाइव्ह मॅग्नमपेक्षा सरस काडतूस आजवर बनलेलं नाही, हे मी कुणालाही, कुठेही, अर्ध्या तासात पटवून देऊ शकतो. (समोरच्याने आधीच हार मानली, तर पंधरा मिनिटांत.)

हे ज्ञान मला आजोबांकडून मिळालं. शिकारीला बंदी नव्हती त्या काळात आजोबा पेठ-सुरगाण्याच्या जंगलात जायचे. पुढे बंदी आली, रायफल सरकारजमा झाली आणि मागे उरलं हे एकुलतं एक काडतूस. अस्सल पितळेचं, माझ्या मधल्या बोटाहून लांब. तपकीर आजीने शपथ घालून सोडायला लावल्यापासून आजोबांना एवढाच विरंगुळा उरला होता. संध्याकाळी ते काडतूस घेऊन गॅलरीत बसायचे, नाकाशी न्यायचे, डोळे मिटून हुंगायचे आणि अशी शिंक द्यायचे की समोरच्या तारेवरची कबुतरं उडायची.

"बघ!" डोळे पुसत ते म्हणायचे. "बारूद अजून ताजी आहे! बंद काडतुसातून नाकाला झोंबते. याला म्हणतात मॅग्नम!"

आजोबा गेल्यावर काडतूस माझ्याकडे आलं आणि ते व्याख्यानही. नाशिकला रविवार कारंजाजवळ माझं पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. मोटार घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी हॉर्सपॉवर सांगता सांगता कधी मॅग्नमवर येतो, ते मलाच कळत नाही. "हल्लीची नवी मॅग्नम वेगाला भारी, कबूल. पण गोळी हलकी! वाटेत बांबूची काडी लागली की भरकटली. आपलं जुनं मॅग्नम बघा. जड गोळी, बेताचा वेग, निघाली की सरळ रेषेत आरपार! पितळी केसचा आकार असा निमुळता की भर उन्हाळ्यातही चेंबरमध्ये अडकायची नाही. सांबरालाही तेच, गव्यालाही तेच. एका काडतुसात अख्खं जंगल!" गिऱ्हाईक घाईघाईने मोटार घेऊन जातं. धंद्याला हे फार चांगलं आहे.

घरात मात्र या विषयाची कदर नाही. सुलभा, म्हणजे आमची सौभाग्यवती, त्या काडतुसाला 'ते पितळेचं' म्हणते. वर्षातून एकदाच, खंडेनवमीला, घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा असते, तेव्हा ती ते चिंचेने घासूनपुसून लख्ख करते. मग मी पाहुण्यांना सांगतो, "बघा, जुन्या मॅग्नमचं पितळ! इतकी वर्षं झाली, झळाळी तसूभर कमी नाही!" सुलभा आतून भांडं आपटते.

यंदा खंडेनवमीला आमच्याकडे जे पाहुणे येणार होते, ते साधे नव्हते. आमच्या मुक्ताने ओंकार नावाचा मुलगा पसंत केला होता. मुलगा सोन्यासारखा, त्याची आईही प्रेमळ. अडसर एकच, त्याचे वडील. सुभेदार निकम, तोफखान्यातून निवृत्त, मुक्काम देवळाली कॅम्प. ते मुलीच्या घरची माणसं बघूनच काय ते ठरवणार होते, आणि त्यांचं 'नाही' म्हणजे नाहीच, असं ओंकारने बजावलं होतं.

आदल्या दिवशी मुक्ता माझ्याजवळ येऊन बसली.

"बाबा, एक मागू?"

"माग की!"

"उद्या मॅग्नम नको."

"अगं, पण ते तोफखान्यातले! इतकी वर्षं मी ज्याची वाट बघतोय तो श्रोता..."

"बाबा." तिचे डोळे भरून आले. "माझ्या लग्नाचा प्रश्न आहे. प्लीज."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. (तो मी पाळणारच होतो. परिस्थिती आडवी आली.)

दुसऱ्या दिवशी पाहुणे सांगितलेल्या वेळेला दारात हजर! सुभेदार सोफ्यावर असे ताठ बसले की आमचा सोफाही ताठ झाला. मी हवामानावर बोललो. ते म्हणाले, "हं." मी द्राक्षांवर बोललो. "हं." ओंकारची आई बिचारी चिवड्याचं कौतुक करत होती, ओंकार घाम पुसत होता, मुक्ता पदराशी चाळा करत होती. शेवटी सुभेदारांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे. आम्ही कळवतो."

'कळवतो' म्हणजे काय, हे मुलीच्या बापाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. मुक्ताचा चेहरा पडला. बुडत्या माणसाने हाताला येईल ते धरावं, तसं माझ्या तोंडून निघून गेलं, "सुभेदारसाहेब, थ्री सेव्हन्टी फाइव्ह मॅग्नमबद्दल आपलं काय मत?"

मुक्ताने डोळे मिटून घेतले.

पण सुभेदार उठता उठता परत बसले! मग काय, मी जड गोळीवर बोललो, निमुळत्या केसवर बोललो, बांबूच्या काडीवर बोललो. सुभेदार पुढे सरकले आणि पहिल्यांदाच 'हं' सोडून काहीतरी म्हणाले.

"काडतूस बघू."

मी विजयी मुद्रेने देवघराकडे गेलो. चौरंगावर पूजा मांडलेली. विळी, कात्री, माझा टेस्टर, मुक्ताचा लॅपटॉप, सगळ्यांना हळदीकुंकू लागलेलं. मध्ये काडतुसाची जागा रिकामी.

"सुलभा! अगं, काडतूस कुठंय?"

स्वयंपाकघरातून निवांत आवाज आला, "अहो, आज घासायला वेळ कुठला? उद्याच्या समया चिंचेच्या पाण्यात उकळायला ठेवल्यात, त्यातच टाकलंय ते पितळेचं. उकळी येऊ द्या जरा, मग देते!"

सुभेदार हळूच उभे राहिले.

"देवरे, काडतूस जिवंत आहे?"

"म्हणजे काय!" मी छाती फुगवून म्हणालो. "बारूद एकदम ताजी!"

हे वाक्य मी किती अभिमानाने बोललो, ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. कारण ते पूर्ण झाल्यावर मला त्याचा अर्थ कळला.

"सगळे बाहेर!" सुभेदार गरजले. "चला, खाली! हलाऽऽ!" त्यांनी सुलभाला ओट्यापासून ओढून काढलं, ओंकारच्या आईला उठवलं, जाता जाता प्रत्येक मजल्यावरची दारं बडवली. पाहता पाहता अख्खी सोसायटी पार्किंगमध्ये! आणि सर्वांच्या आधी तिथे कोण पोचलं होतं? ज्याच्या रक्तात शिकार आहे, तो मी.

"धन्य आहे तुमची!" धापा टाकत सुलभा म्हणाली. "बायकोला सोडलंत, पोरीला सोडलंत, आणि चिवड्याची बशी तेवढी आठवणीनं आणलीत!"

मी हातात पाहिलं. बशी होती. एक दाणाही सांडला नव्हता.

सोसायटीचे सेक्रेटरी बनियनवर धावत आले. "देवरे, फ्लॅटमध्ये काडतुसं उकळायची परवानगी कुणी दिली तुम्हाला?"

"अहो, काडतुसं नाहीत, एकच आहे..."

"एक असो नाहीतर डझन! नियमात बघावं लागेल!"

तेवढ्यात सुभेदारांनी विचारलं, "गॅस कुणी बंद केला?"

सुलभाने माझ्याकडे पाहिलं. मी ओंकारकडे पाहिलं. ओंकारने चिवड्याकडे पाहिलं. गॅस चालू होता!

"मी जातो," सुभेदार म्हणाले. "देवरे, चला. घर तुमचं, काडतूस तुमचं."

मी काहीतरी सबब सांगणार होतो. (गुडघा. माझा गुडघा अशा वेळी नेमका दुखतो.) पण मुक्ता समोर उभी होती. तिचं लग्नच त्या पातेल्यात उकळत होतं. बशी सेक्रेटरींच्या हातात दिली आणि निघालो.

आमच्याच हॉलमध्ये आम्ही दोघे पोटावर सरपटत शिरलो. सुभेदार पुढे, मी मागे. ते सराईतासारखे सरकत होते. मी चौरंगाला धडकलो आणि हळदीकुंकवात लोळलो. ओट्यापाशी पोचल्यावर त्यांनी नुसता हात वर करून गॅस बंद केला. बराच वेळ आम्ही फरशीला गाल लावून पडून राहिलो. मग ते उठले आणि पातेल्यात डोकावले. समया होत्या, घंटा होती, आणि घंटेला टेकून, टोक पाण्याबाहेर काढून, आमचं मॅग्नम आरामात उभं होतं.

सांडशीने उचलून त्यांनी ते फडक्यात धरलं, बूड उलटं करून पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"देवरे, हे कधीच उडालेलं आहे. बुडाशी हा ठोक्याचा खड्डा बघा. ही रिकामी केस आहे."

"असं कसं? मग वर गोळी कशी?"

"तेच बघतोय. कडेने मेण लावलंय कुणीतरी. आता पातळ झालंय."

त्यांनी टोक धरून पिळलं. फट्‌! टोक निघालं, आतून तपकिरी भुकटी उडाली, आणि आम्ही दोघे एकाच वेळी असे शिंकलो की खालून कुणीतरी ओरडलं, "फुटलंऽऽ!" पाठोपाठ सुलभाची हाक आली, "अहोऽऽ!" (त्या हाकेत काळजी होती, असं मी आजही धरून चालतो.)

"जिवंत आहोत!" खिडकीतून ओरडून सुभेदार परत आले. बोटाच्या टोकावर ती भुकटी घेतली, हुंगली, डोळे मिटले.

"देवरे, ही बारूद नाही. तपकीर आहे. आणि काय सांगू, अस्सल आहे!"

मी फरशीवरच बसलो. गॅलरीतल्या त्या संध्याकाळी डोळ्यांसमोर आल्या. ते मिटलेले डोळे, त्या शिंका, ती शपथ घालणारी आजी! आजोबांनी आजीला फसवलं होतं आणि जाता जाता मलाही. आजोबा, निदान मला तरी सांगायचं होतं! निम्म्या नाशिकला मी ज्या बारुदीची थोरवी सांगितली, ती बारूद पानाच्या टपरीवर मिळत होती.

"साहेब," मी हात जोडले, "खाली यातलं काही सांगू नका. मला या गावात दुकान चालवायचंय."

सुभेदारांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणखी एक चिमूट घेतली. ताठ मान प्रथमच सैल झाली.

"आमच्या मंडळींनी माझी तपकीर बंद केलीय," ते कुजबुजले. "कपाट तपासते. बुटात बघते. परवा तर माझ्या मेडलांची पेटी उघडली तिने. पण काडतूस..." त्यांनी ते प्रेमाने फिरवलं. "काडतुसाला ती हात लावायची नाही."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"मुलगी आम्हाला पसंत आहे," सुभेदार म्हणाले.

"काडतूस आपलंच आहे," मी म्हणालो.

खाली जाऊन त्यांनी जाहीर केलं, "काडतूस निकामी केलेलं आहे. पण अशी वस्तू जाणकाराच्याच ताब्यात हवी. मी घेऊन जातो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुक्ता धावत येऊन मला बिलगली, "बाबा, तुम्ही वर गेलात! माझ्यासाठी!" माझ्या अंगभर कुंकू होतं, ते तिला जखमांसारखं वाटलं असावं. मी खुलासा केला नाही. दुसऱ्या दिवशी देवळालीला जाऊन आम्ही दसऱ्याचं सोनं दिलं आणि लग्न पक्कं करून आलो.

आता रविवारी आम्ही व्याह्यांकडे जेवायला जातो. जेवण झालं की सुभेदार काडतूस घेऊन गॅलरीत बसतात आणि आल्यागेल्याला जुन्या मॅग्नमची थोरवी ऐकवतात. जड गोळी, निमुळती केस, बांबूची काडी. माझंच व्याख्यान, शब्दाला शब्द! मध्येच काडतूस नाकाशी नेतात आणि देवळाली हादरवणारी शिंक देतात. विहीणबाई संशयाने माझ्याकडे बघतात. (त्या मराठी काही वाचत नाहीत, या भरवशावर हे लिहितो आहे.) मुलीच्या सासऱ्यापुढे माझं काय चालणार? मी घसा साफ करतो आणि, घराण्यातला शेवटचा शिकारी या नात्याने, गंभीरपणे सांगतो, "बघा विहीणबाई, बारूद अजून ताजी आहे!"