मेट्रनबाई पुस्तक मिटायच्या तेव्हा

साळवे मेट्रन गेल्याची बातमी आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर आली तेव्हा मी पनवेलच्या मासळी बाजारात सुकट घेत उभी होते. बातमीखाली हात जोडलेल्यांची रांगच लागली होती. कुणी लिहिलं होतं 'प्रेमळ माऊली', कुणी 'नम्रतेची मूर्ती'. नम्रता वाचून मला हसू फुटलं, तेही मोठ्यानं. कोळीण म्हणाली, "काय झाला गो आजी, हसतेस कनाला?" म्हटलं, ओळखीच्या एक बाई वारल्या. तिनं माझ्याकडे असं काही बघितलं की वरची मूठभर सुकट घालायचीच राहिली. म्हणजे जाता जाताही मेट्रनबाईंनी माझं नुकसान केलंच.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मेट्रनबाई जिवंत माणसाबद्दलही चांगलं बोलत नसत, तेव्हा आमची फिट्टंफाट समजावी.

दोन हजार तीन-चारची गोष्ट. हॉस्पिटलातून निवृत्त होऊन त्या नवीन पनवेलला मुलाकडे राहायला आल्या आणि आमच्या छोट्या प्रार्थनामंदिरात पहिल्या बाकावर, बरोब्बर पंख्याखाली बसू लागल्या. त्यांच्या पवित्र शास्त्राला, म्हणजे बायबलला, काळं रेक्झिनचं कव्हर होतं, तीन बाजूंनी चेन असलेलं. तसं आमच्याकडे सगळ्यांचंच असतं. उपासना संपली, आशीर्वाद झाला, की सगळीकडून चेन ओढल्याचे आवाज येतात आणि बायका चपला शोधायला लागतात. मेट्रनबाई मात्र त्यांच्या मते उपदेश संपला की चेन ओढायच्या. उपदेशकाच्या मते तो संपलेला असो वा नसो. खर्रर्र... असा आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश, बँडेज बांधल्यासारखा. मग हात मांडीवर ठेवून, उपदेशकाकडे बघत त्या शांत बसून राहायच्या. आमचे जुने पाळकसाहेब त्या आवाजावर आमेन म्हणायला शिकले होते. मी शिकले नव्हते.

मी त्या वेळी पन्नाशीतली कोवळी मुलगी. शाळेतल्या नोकरीमुळे जिभेला धार, आणि महिन्यातला एक रविवार उपदेशासाठी माझा. काय माझा थाट! आदल्या दिवशी आरशाच्या कपाटासमोर तालीम. कुठल्या वाक्याला हात वर, कुठल्या वाक्याला आवाज खाली, आणि कुठे रुमाल. हो, रुमालाची जागासुद्धा ठरलेली असे. 'मूळ ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ असा आहे' हे वाक्य मी इतक्या सहज टाकायचे, जणू आमच्या घरी चहा ग्रीकमधूनच मागायचे. ग्रीकचं एक अक्षर मला ओळखता आलं नसतं. इंग्लंडचा राजा, जहाजाचा कप्तान, बर्फात हरवलेलं लेकरू अशा गोष्टी तर पोत्यानं. पनवेलच्या उकाड्यात मी लोकांना बर्फात हिंडवत असे. उपासनेनंतर दारात उभं राहून सगळ्यांशी हात मिळवायचा, "फार आशीर्वादित झालो बाई" ऐकायचं, आणि मान खाली घालून "सगळा गौरव देवाला" म्हणायचं. त्यातला बराचसा गौरव मी घरी घेऊन यायचे.

पहिल्याच उपदेशात मेट्रनबाईंनी ग्रीक शब्दाला चेन ओढली. दुसऱ्यात, रुमाल बाहेर आल्यावर. त्या दिवसापासून मला एकच ध्यास लागला. देवाचं राज्य येवो न येवो, एकदा तरी त्या बाईचं पुस्तक माझ्या आमेनपर्यंत उघडं राहिलं पाहिजे.

एकदा राहिलं. ईस्टरनंतरचा रविवार होता. मी आमेन म्हटलं, खाली बघितलं, पुस्तक उघडं! घरी येऊन मी बिर्याणी केली. माझ्या मालकांना वाटलं, लग्नाचा वाढदिवस विसरलो की काय. मंगळवारी एसटी स्टँडजवळ बॅगांच्या चेन दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे मेट्रनबाई उभ्या दिसल्या. मी अगदी गोड आवाजात विचारलं, परवाचा उपदेश आवडला वाटतं? त्या म्हणाल्या, "चेनचा रनर तुटला होता." चाचांनी पुरावा म्हणून तुटका रनर उचलून दाखवला.

तेव्हा मात्र मी त्यांच्या घरी जाऊन भांडले. त्या ओट्याशी उभ्या राहून बोंबील साफ करत होत्या. म्हटलं, मी आठ-आठ दिवस तयारी करते, माझं चुकतं तरी काय ते तोंडानं सांगा. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"त्या रविवारी विहिरीवरच्या शोमरोनी बाईवर बोललीस ना? भर दुपारी एकटीच आलेली, डोक्यावर घागर. चांगली दाखवलीस. मला तिचे पाय भाजताना दिसले."

मी फुलले.

"आणि मग तू तिच्या पुढ्यात येऊन उभी राहिलीस. पुढची वीस मिनिटं मला नुसती तूच दिसत होतीस. साडी बरी होती."

मी पाय आपटत घरी आले. त्या साडीची पुढे गोधडी केली, आणि वर्षानुवर्षं उपदेशातून काहीबाही गाळत राहिले. आधी ग्रीक गेलं, मग कप्तान, मग रुमाल. लोक दारात म्हणायला लागले, हल्ली तुमचं बोलणं लवकर संपतं, पण डोक्यात राहतं. ते श्रेय मी मेट्रनबाईंना कधी दिलं नाही, आणि आजही द्यायचा विचार नाही. कारण चेन यायचीच. उशिरा यायची, आमेनच्या अगदी तोंडाशी यायची, पण यायची. कसली ही कंजूष बाई!

शेवटची भेट त्यांच्या खोलीत झाली. अंथरुणात त्या मुठीएवढ्या दिसत होत्या, नजर मात्र वॉर्डात फेरी मारत असल्यासारखी. मी एक वचन वाचलं, दोन शब्द बोलायला घेतले. तिसऱ्या वाक्याला खर्रर्र. मग त्यांनी आपलं पुस्तक माझ्या हातात दिलं.

"हे तू धर. सूनबाई मयतीला तिच्या त्या कीबोर्डवाल्यालाच बोलावणार. लांबवायला लागला की ओढ."

"भर मयतीत?"

"मग केव्हा? मी तर पेटीत असणार."

कीबोर्डवाला म्हणजे खारघरचा तरुण पाळक. भाड्याच्या एसी हॉलमध्ये उपासना घ्यायचा. गालाला चिकटलेला माइक, मागे पडद्यावर सूर्योदय, प्रार्थनेखाली हळूहळू वाजणारा कीबोर्ड. मला तो बघवत नसे. मेट्रनबाईंचं आणि माझं एकमत झालेला हा एकच विषय.

मयतीच्या दिवशी मी पहिल्या बाकावर, त्यांच्याच जागी बसले. मांडीवर पुस्तक उघडून ठेवलं, अंगठा रनरवर. तो उभा राहिला. कीबोर्ड वाजू लागला. 'ही नम्र माऊली, प्रभूच्या कळपातलं हे शांत कोकरू...' पेटीतून कुणी उठून बसतं की काय असं मला वाटलं. मनात स्वतःलाच म्हटलं, करुणा, हीच वेळ. मी रनर एक बोटभर सरकवलासुद्धा.

आणि तो गप्प झाला. कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलीला हातानं थांब म्हणाला. पेटीकडे बघत राहिला.

"मी या बाईंना भेटायला गेलो होतो," तो साध्या आवाजात म्हणाला. "खूप वेळ प्रार्थना केली. त्यांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं आशीर्वाद देतायत. त्या नाडी बघत होत्या. म्हणाल्या, केवढी पळतेय. मरायचंय मला, घाबरलायस तू कशाला?"

प्रार्थनामंदिरात हसू उसळलं आणि मध्येच अडकलं. पाठीमागे कुणीतरी हुंदका दिला.

"मी खरंच घाबरलो होतो. आजाऱ्याच्या खोलीत मी दर वेळी घाबरतो. म्हणून मोठ्यानं बोलतो. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी हात सोडला नाही, नाडी जागेवर येईपर्यंत. देव कसा धरतो, ते मला त्या दिवशी कळलं. याच्यापुढे मला सांगता येत नाही." आणि तो बाजूला जाऊन बसला.

सगळ्यांना मेट्रनबाई दिसत होत्या. मलाही. तीच ती हाडकुळी बोटं, घड्याळाकडे लागलेली नजर. त्यांच्या आणि आमच्या मध्ये कुणी उभं नव्हतं. माझा अंगठा रनरवर तसाच राहिला.

इतकी वर्षं मी जे मागत होते ते त्या पोरानं एका दुपारी नेलं, आणि त्याला त्याचा पत्ताही नाही. मी सांगणार नाही. पुस्तक परत द्यायला गेले तेव्हा सूनबाई म्हणाली, तुमच्याकडेच राहू द्या. ते आता आमच्या जेवणाच्या टेबलावर असतं. नात आवराआवर करताना मिटायला जाते, मी ओरडते. रनर त्या दिवशी बोटभर सरकला होता, तिथेच आहे. येता-जाता तो दिसतो आणि माझा अगदी जळफळाट होतो.