नागमणीचे हात

माझी बायको गेली त्याच्या आदल्या आठवड्यात मी तिच्या उशाशी बसून ठरवलं होतं, की आज हिला सांगायचं. नाही सांगितलं. मुलांना तर कधीच नाही. आता तुम्हाला सांगतो आहे, ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून — की आता फारसे दिवस उरले नाहीत म्हणून? मलाही नीट ठाऊक नाही.

गोष्ट लहान मुलांच्या वर्गातली आहे. फार जुनी, इंग्रजी अमदानीतली. सोलापुरात तेव्हा चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी शाळा असते हेच लोकांना नवल वाटायचं. आमच्या बालवर्गाच्या मोठ्या बाई बाहेरगावी शिकून आलेल्या होत्या. मूल पाटीवर शिकत नाही, हाताने शिकतं, असं त्या म्हणायच्या. मी जवळच्या केम गावचा, बावीस वर्षांचा, त्यांच्या हाताखाली मदतनीस शिक्षक. पोरं सांभाळणं हे बाईमाणसाचं काम, असं माझे मित्र हसून म्हणत आणि मला ते लागत असे. पण हे कारण म्हणून सांगत नाही.

फाल्गुन-चैत्र हे आमच्या वर्गाचे सगळ्यांत गजबजलेले महिने. कडुलिंबाला मोहोर आला की मुलांना डोळे मिटून अंगणात बसवायचं आणि वास कुठून येतो ते बोटाने दाखवायला सांगायचं. पळसाची फुलं पाण्यात घालून ठेवायची आणि पाणी केशरी होताना बघायचं. आणि मग बाग. प्रत्येक मुलाला नारळाची एक करवंटी, तीत माती, आणि बी ज्याचं त्याने निवडायचं. कुणी मटकी, कुणी मका, कुणी वाल. उन्हाळ्यात शाळेचा नळ करंगळीएवढा वाहायचा, म्हणून मुलं घरून छोट्या तांब्यात पाणी आणत, ते दारातल्या रांजणात ओतत आणि त्यातलंच पळीपळीने सगळ्या करवंट्यांना घालत. सगळ्यांचं पाणी सगळ्यांच्या झाडांना — बाईंचा तोच धडा होता.

त्या वर्षी बाईंनी विणकरांची तीन मुलं घेतली होती. वकील-कारकुनांच्या पोरांत ही पोरं बसवणं शाळेच्या कमिटीतल्या काहींना रुचलं नव्हतं. पाडव्यानंतर पालकांना बाग दाखवायची, ती बघून या तिघांचं काय ते ठरवू, असं कमिटीने म्हटलं होतं.

त्या तिघांतली एक नागमणी. पाच वर्षांची. घरी तेलुगू बोलायची, मराठी अडखळत. तिचे वडील मल्लय्या घरीच सूत रंगवत, आणि पोर आईबरोबर लडी पिळायला बसायची, त्यामुळे तिचे हात मनगटापर्यंत लाल. तिने करवंटीत सरकी लावली होती. जन्मल्यापासून सुतात वाढलेली ती पोर — कापसाचं झाड तिने कधी पाहिलं नव्हतं. रोज सकाळी आल्या आल्या करवंटीपाशी उकिडवी बसायची. दोन पानं वर आली त्या दिवशी तिने मला धोतराला धरून ओढत नेलं होतं.

पाडव्याची सुटी लागली. बाई पुण्याला बहिणीकडे गेल्या. जाताना किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, सकाळ-संध्याकाळ पाणी तेवढं घाला, करवंट्यांच्या खोलीवर पत्रा आहे, तापतो. मी हो म्हटलं. आणि पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी गाडी पकडून केमला गेलो. एक दिवसात परत यायचं होतं. आईने थांब म्हटलं नव्हतं. कुणी आजारी नव्हतं. चावडीमागे पत्त्यांचा डाव जमला होता, बस. एका दिवसाचे चार झाले.

परत आलो त्या सकाळी खोलीचं दार उघडलं तर आतून भट्टीसारखी धग आली. करवंट्यांतली माती काठापासून सुटली होती. रोपं आडवी पडली होती, काही तर हात लावताच चुरत होती. मी रांजण उपडा करून सगळ्यांवर पाणी ओतलं — काय उपयोग? तासाभरात बाई आल्या. त्यांच्या मागोमाग कमिटीतले एक वकीलही, पालकांच्या आधी जरा बघून घेऊ म्हणून.

बाईंनी विचारलं, "गुरुजी, पाणी घातलं होतंत ना?"

मी म्हटलं, घातलं होतं.

एवढ्यावर थांबलो असतो तर? पण माझी नजर सुटीत कोनाड्यातच राहिलेल्या मुलांच्या तांब्यांकडे गेली. नागमणीच्या तांब्याच्या तळाशी लाल कड होती, रोजच असायची, घासूनही न जाणारी. मी तो तांब्या उचलून बाईंच्या हातात दिला. म्हटलं, रांजणात रंगाचं पाणी पडलं असावं. नाव घेतलं नाही. नाव न घेतल्याने पाप हलकं होतं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. तांब्या कुणाचा ते तिथे सगळ्यांना माहीत होतं.

वकीलसाहेब म्हणाले, "आम्ही काय वेगळं सांगत होतो, बाई?" बाईंनी तांब्या परत कोनाड्यात ठेवला. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता — न ठेवायला त्यांच्याकडे कारण काय होतं?

इथपर्यंत सांगणं त्या मानाने सोपं. पुढचं सांगण्यासाठी मी इतका वेळ फिरत होतो.

मुलं आली. आपापल्या करवंट्या बघून रडायला लागली. कुणीतरी नागमणीकडे बोट दाखवलं. मोठ्यांचं बोलणं दारातून ऐकलं असणार. ती रडली नाही. तिने आधी करवंटी बघितली, मग आपले तळहात. मग माझ्याकडे आली. बाईंकडे नाही, माझ्याकडे.

"गुरुजी, माज्या हाताचा रंग उतरला पान्यात? पळसावानी?"

पळसाचा धडा तिला मीच दिला होता. ती दोष देत नव्हती, विचारत होती. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. वकीलसाहेब अजून दारात उभे होते.

मी म्हटलं, "उतरला असेल."

तिने दोन्ही हात परकराच्या ओच्यात लपवले आणि भिंतीकडे तोंड करून बसली. सुटी होईपर्यंत तशीच.

दुसऱ्या दिवशी मल्लय्या तिला घेऊन आले. आत न येता फाटकाशी उभे राहिले. बाई कमिटीच्या बैठकीला गेल्या होत्या, त्या तिघांसाठी भांडायला. हातात मेलेली बाग घेऊन त्या काय भांडणार होत्या? फाटकाशी मीच गेलो. मल्लय्यांनी पोरीचे हात धरून माझ्यापुढे उलटे-सुलटे करून दाखवले. रंग जवळजवळ गेला होता. त्याबरोबर कातडीही. बोटांच्या पेरांवर लाल होतं ते आता रंगाचं नव्हतं.

"चिंचेनं घासलं, राखेनं घासलं, गुरुजी. लई रडली. पन गेला बगा रंग," ते म्हणाले. "आता बसू द्या की तिला."

मला तेव्हाही बोलता आलं असतं. बैठक चालू होती, चालत गेलो असतो तर पाच मिनिटांचा रस्ता. मी म्हटलं, कमिटी ठरवेल, मी काय सांगणार. मल्लय्यांनी मान हलवली, वर मलाच नमस्कार केला. नागमणीने हात मागे घेतले.

कमिटीने त्याच दिवशी तिन्ही नावं कमी केली. माझी नोकरी पुढच्या जूनमध्ये कायम झाली. बाई वर्षभराने शाळा सोडून गेल्या आणि त्यांचा प्रयोग का फसला हे त्यांना कधी कळलं नाही. मी पस्तीस वर्षं शिक्षक होतो. निरोपसमारंभात लोक माझ्या प्रामाणिकपणाबद्दल बोलले आणि मी ते मान खाली घालून ऐकून घेतलं. विणकरांची वस्ती शाळेपासून लांब नव्हती. मी तिकडून जाणं टाळत राहिलो, त्यामुळे ती पोर पुढे कुठे शिकली का, हे मला माहीत नाही.

त्या चार दिवसांत करवंट्यांना कुणीच पाणी घातलं नव्हतं. नागमणीच्या हातांनी काहीही झालेलं नव्हतं. हे मला ती विचारत होती तेव्हाही माहीत होतं.