तेरा फुटी काठीचा तोल

गळाची कोणतीही काठी हातात आली की ते आधी ती एका बोटावर आडवी ठेवायचे आणि डोळे मिटायचे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो. मग म्हणायचे, "साहेबांनू, आधी तोल. बाकीचा मगे."

दुबईशेजारच्या अजमानच्या मासळीबाजाराजवळ गळ, दोऱ्या आणि जाळी विकणारं एक दुकान होतं, तिथे ते सेल्समन होते. देवगडकडचे, पन्नाशीतले. मी त्यांना काका म्हणायचो.

मी तिथे का गेलो हे सांगायची लाज वाटते, पण तुम्हीही नोकऱ्या केल्या असतील, समजून घ्याल. २००८ची मंदी दुबईत येऊन ठेपली होती. आमच्या ऑफिसात रोज एखादी खुर्ची रिकामी होत होती. माझी राहणार की जाणार, हे आमच्या स्कॉटिश बॉसच्या हातात होतं. त्याला मासेमारीचं वेड. एका पार्टीत मी त्याला सांगून बसलो होतो की आम्ही कोकणातले, मासेमारी आमच्या रक्तातच आहे. मी पुण्याचा. मासा पाहिला तो ताटात, तोही तळलेला.

बॉसने खूश होऊन स्वतःची एक जुनी काठी माझ्या गळ्यात मारली. तेरा फूट लांब, दोन हातांनी धरायची. त्याच्या देशातल्या नद्यांवर तिला 'स्पे' म्हणतात. मागे झाडं असली तरी दोरी पाण्यावरूनच फिरवून पुढे टाकता येते म्हणे. "रीळ आणि लाइन तू बघ. महिन्याअखेरच्या शुक्रवारी रास अल खैमाला जाऊ," तो म्हणाला.

दुबईतल्या अल मनखूलच्या आमच्या घरात मी ती जोडली, तर टोक हॉलमधून थेट बेडरूममध्ये गेलं. मुलगी म्हणाली, "बाबा, आर वी पुअर नाऊ?" बायकोने टोकावर ओला टॉवेल वाळत घातला.

दुकानात मी ऐटीत काचेच्या कपाटातली सगळ्यात देखणी रीळ मागितली. हलकी ती चांगली, असं इंटरनेटवर वाचून गेलो होतो. नऊशे दिरहम. "म्हणजे जवळजवळ बारा हजार रुपये," मी मोठ्याने म्हणालो.

काकांनी ती लावली, काठी बोटावर ठेवली. टोक धाडकन खाली गेलं. मग त्यांनी रीळ काढून तिच्या जागी कापडी पिशवी बांधली आणि तीत शिशाच्या गोळ्या एकेक करून टाकत राहिले. काठी सपाट झाली तेव्हा पिशवी तराजूत ठेवली. त्या वजनाची, धूळ खात पडलेली एक जाडजूड रीळ वरच्या फळीवरून काढली. किंमत पहिलीच्या पाव.

"लांब काठयेक जड रीळ होयी. नायतर टोक उचलून उचलून हात जातले."

लाइनही, म्हणजे दोरीही, मी सगळ्यात जड निवडली होती. जड वस्तू लांब जाते, हे माझं भौतिकशास्त्र. त्यांनी काठीवर छापलेला, तिला पेलेल त्या लाइनच्या वजनाचा आकडा दाखवला आणि त्याच आकड्याची, पुढचा जड भाग आखूड असलेली लाइन दिली. "लांब दोरयेक सवय होयी. तुमका मासो गावतलो की नाय ता माका म्हायत नाय, पण हात दुखाचो नाय."

मी विचारलं, "काका, महाग सोडून स्वस्त का विकताय?"

"मालक म्हणता, ही कपाटातली म्हयन्याभरात इकली नाय तर तुझो व्हिसा खलास." ते हसले. "पण तुमच्या काठयेक ती बसत नाय, तर मी काय करू?"

ती महागडी रीळ तेव्हा मी घ्यायला हवी होती. शोकेससाठी का होईना. सुचलं नाही असं नाही. सुचलं, आणि मी पाकीट खिशात घातलं.

निघताना त्यांनी काठीवर तोलाच्या जागी लाल दोरा बांधला. "वरचो हात हय धरूचो." पुढचे दोन शुक्रवार, दुकान उघडायच्या आधी, त्यांनी मला किनाऱ्यावर शिकवलं. पहिल्या दिवशी गळाला माझीच पँट लागली. त्यांनी ती न फाडता सोडवली.

रास अल खैमाच्या खाडीत मला एकही मासा लागला नाही. पण दोरी सरळ पडत होती. बॉसने माझी काठी घेतली आणि, विश्वास ठेवा, एका बोटावर आडवी धरली.

"नाइसली बॅलन्स्ड. हू सेट धिस अप?"

मी म्हणालो, "आय डिड, सर."

"इतका धीर असलेली माणसं मला हवीत," असं काहीसं तो म्हणाला. नोकरीवरून काढायच्या पुढच्या यादीत माझं नाव नव्हतं.

पेढ्यांचा पुडा घेऊन अजमानला गेलो. काउंटरवर एक नवा मल्याळी माणूस होता. "वो चाचा? वो तो मुलुक गया." देखणी रीळ कपाटात तशीच होती. मी त्यांचं नाव विचारलं. "नाम? सब चाचा ही बोलते थे." पेढे मी त्यालाच दिले. गाडीत बसल्यावर मला रडू आलं.

बॉस कधीच परत गेला. काठी माझ्याकडेच राहिली, लाल दोरा विटला आहे. कोणी विचारलं, की ही इतकी छान कोणी बसवली, तर आता मी खरं सांगतो: देवगडकडच्या एका माणसाने. पण मग लोक नाव विचारतात. तेव्हा मी ती एका बोटावर आडवी ठेवतो आणि डोळे मिटतो.